साडूची लाल गाडी आणि थंड हवेचा पाइप

माझ्या साडूने दोन दारांची लाल गाडी आणली, तेव्हा आमच्या सासऱ्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "बाकीचे दोन दरवाजे कोठी गेले?"

दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. साडू दातांचा डॉक्टर. गोंदियात बाजाराच्या जरा मागे त्याचा दवाखाना होता. रायपूरच्या एका घरातला मुलगा परदेशात स्थायिक झाला म्हणून त्याची जपानी टर्बोवाली स्पोर्ट्‌स कार विकायला निघाली होती. एका पेशंटकडून त्याला ती बातमी लागली, आणि आठवड्याभरात गाडी गोंदियात आली. ती इतकी बुटकी होती की प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं. घासलं की साडूच्या तोंडून "हाय" निघायचं, जणू त्याचंच पोट घासलं.

सासरे, म्हणजे आमचे मामाजी, सरकारी बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मूळचे देवरी तालुक्यातले, पण निवृत्तीनंतर गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला, आमच्या घराच्या मागच्या गल्लीत राहायला आलेले. तीस-बत्तीस वर्षं बसच्या पोटाखाली उताणं झोपून काढल्यामुळे माणसाकडे सरळ बघण्यापेक्षा खालून बघायची त्यांना जास्त सवय होती. अंगणात बोरीच्या झाडाखाली त्यांचा लाकडी बाकडा, त्यावर लोखंड पकडायला घट्ट बसवलेला शिकंजा, आणि पान्यांची एक पेटी. त्या पेटीला हात लावायची परवानगी सासूबाईंनाही नव्हती.

मी एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. मामाजी मला "मास्तर" म्हणायचे आणि त्यात आदर किती, थट्टा किती, हे मला कधी कळलं नाही. पण निदान मला ते "तू" म्हणायचे. साडूला मात्र "डॉक्टरसाहेब, तुम्ही". त्याचं कारण होतं. धाकट्या मुलीने या हिंदी बोलणाऱ्या व्यापारी घरातल्या डॉक्टरशी स्वतःच्या मनाने रजिस्टर लग्न केलं होतं. त्याच्या घरच्यांना आमची जात खटकली आणि मामाजींना न विचारलेलं खटकलं. भांडण असं झालं नाही. चौदा एप्रिलला साडू बायकोसोबत जेवायला यायचा, सासरा आणि जावई समोरासमोर बसायचे आणि उन्हाबद्दल बोलायचे. "ऊन जास्त हाय यंदा, डॉक्टरसाहेब." "हां बाबूजी, बहुत." तीन वर्षं त्यांचा हाच एक संवाद चालला होता.

गाडीने तो मोडला.

झालं असं की गाडी दिसायला वाघ होती, पण पळायला बैल निघाली. पाय दाबला की ती आधी विचार करायची, मग खोकायची, मग निघायची. गोरेगावच्या रस्त्यावर एका धान भरलेल्या ट्रॅक्टरला ओलांडायला तिने इतका वेळ घेतला की ट्रॅक्टरवाल्याने साडूला विडी विचारली. साडूला ते फार लागलं. तो सायबर कॅफेत जाऊन बसला आणि कागदांचा एक गठ्ठा छापून माझ्या घरी घेऊन आला.

"भैया, तुम्ही फिजिक्सवाले आहात. हे वाचा. इंजिनला गरम हवा भेटून राहिली. थंडी हवा दिली तर गाडी उडेल."

मी वाचलं. मुद्दा चुकीचा नव्हता. थंड हवा दाट असते, दाट हवेत प्राणवायू जास्त, म्हणून इंजिनाला जोर जास्त. परदेशात लोक बॉनेटखालचा हवेचा मूळ डबा काढून टाकतात, एक लांब पाइप बसवतात आणि त्याच्या टोकाला शंकूसारखा फिल्टर लावून तो बंपरच्या मागे, जिथे बाहेरची हवा लागते, तिथे सोडतात. मला ते इतकं पटलं की मी कागदाच्या मागच्या बाजूला गणितच मांडलं. वर्गात वीस वर्षं जे शिकवलं त्याचा कोणाला उपयोग होईल, असं मला पहिल्यांदा वाटत होतं.

आम्ही दोघे मामाजींकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"महिना कोनता?" त्यांनी विचारलं.

"मे," मी म्हटलं.

"गोंदियात मे महिन्यात थंडी हवा कोठून आनता? थंडी हवा पायजे तर गाडी पचमढीले ठेवा, डॉक्टरसाहेब."

मी त्यांना समजावलं की थंड म्हणजे गार नव्हे, बॉनेटखालच्यापेक्षा कमी गरम. त्यांना ते पटेना, म्हणून मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तापमापी आणली. गाडी चालू ठेवून बॉनेटखाली धरली, पारा पासष्टपर्यंत गेला. बंपरपाशी धरली, पंचेचाळीस. साडूने टाळी वाजवली. मामाजींनी तापमापी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "पंचेचाळीस म्हंजे थंडी. बरं झालं सांगितलं, नाईतर आमी उगाच घाम पुसून राहिलो होतो."

पण त्यांनी पान्यांची पेटी उघडली. एवढंच पाहिजे होतं.

डबा काढायच्या वेळी त्यांनी एक वाक्य बोलून दाखवलं, ते इथे सांगितलंच पाहिजे. "पयले हा डब्बा उघडून त पाहू." साडू घाईत होता. तो म्हणाला, "बाबूजी, फेकायचाच आहे तर पाहायचं कायले?" मीही म्हणालो, मूळ रचनाच चुकीची आहे, डब्यात काय पाहायचं. मामाजींनी पाना फिरवला. तो काळा प्लास्टिकचा डबा तसाच, न उघडता, माझ्या घरी जिन्याखाली जाऊन पडला.

पहिला पाइप नळकामाचा होता, पांढरा, तीन इंची. मीच निवडला. आतून गुळगुळीत, हवेला अडथळा नाही, असं माझं म्हणणं. गाडी दहा मिनिटं चालू ठेवली तेव्हा टर्बोजवळचं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याजवळचं, टोक शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं मऊ होऊन खाली वाकलं. मामाजी सायकल काढून गेले आणि एका राइस मिलच्या भंगारातून ॲल्युमिनियमचा पाइप खांद्यावर टाकून घेऊन आले.

तो सरळ होता, आम्हाला दोन ठिकाणी वाकलेला हवा होता. पाइप वाकवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मामाजींनी पाइपात ठासून वाळू भरली, दोन्ही टोकांना लाकडी गुट्टे ठोकले, सासूबाईंच्या अंगणातल्या चुलीवर धरून तापवला आणि बोरीच्या खोडाला टेकवून हळूहळू वाकवला. कुठे चेपला नाही, कुठे सुरकुती पडली नाही. चूल अडकल्यामुळे त्या दिवशी जेवायला तीन वाजले आणि सासूबाईंनी भाजीत मीठ टाकलं नाही. ते विसरून झालं की मुद्दाम, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

मग मामाजींनी तो पाइप धुवायला घेतला. एकदा धुतला, दोनदा धुतला, दोरीला फडकं बांधून आतून ओढलं, पुन्हा धुतला. साडू म्हणाला, "बाबूजी, हो गया साफ."

"डॉक्टरसाहेब, रेतीचा एक कन बी आत राहिला त तुमच्या टर्बोची पाती खाऊन टाकंल. तुमी दात भरताना अर्धी कीड ठेवता का?"

हे साडूला एकदम समजलं. तो गाडीतून आपली पेटी घेऊन आला, त्यातला तोंडात घालायचा छोटा गोल आरसा आणि आकडी काढली, आणि बाकड्यावर वाकून पाइप तपासू लागला. "डाव्या बाजूला थोडं आहे," तो म्हणायचा, आणि आकडीने खरवडून काढायचा. मामाजी शेजारी उभे राहून बॅटरी धरायचे. अर्धा तास दोघे त्या पाइपाच्या तोंडात डोकं घालून होते. त्या अर्ध्या तासात उन्हाचा विषय एकदाही निघाला नाही.

माझं काम एकच होतं. हवा मोजणारा एक नाजूक सेन्सर जुन्या नळीतून काढून नव्या पाइपात बसवायचा. भौतिकशास्त्राचा माणूस म्हणून ते मला दिलं होतं. मी तो बसवला, क्लिपा आवळल्या, साडूने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, उचकी लागल्यासारखी तीनदा पुढेमागे झाली, मागून काळा धूर सोडला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. मी कागद काढला, गणित तपासलं, पाइपाचा व्यास जास्त झाला असावा असं म्हणालो, हवेच्या वेगाबद्दल दोन-तीन वाक्यं बोललो.

मामाजी बॉनेटमध्ये वाकून बघत होते. "मास्तर, याच्यावर बान काढून हाय."

"हो, हवेची दिशा दाखवतो तो."

"हवा बाहेरून आत येते का आतून बाहेर जाते?"

मी सेन्सर उलटा बसवला होता. साडू हसला नाही, तो सज्जन माणूस. मामाजी मात्र संध्याकाळपर्यंत अधूनमधून एकटेच हसत होते. सासूबाईंनी विचारलं, "काऊन हसून राहिले?" तर म्हणाले, "काई नाई, हवेची दिशा."

रविवारी सकाळी आम्ही कोहमाऱ्याकडे निघालो. पुढे साडू आणि मामाजी. मागच्या सीटला सीट म्हणणं हा उपचार होता. गुडघे कानाला लावून मी तिथे बसलो. गोरेगाव मागे टाकल्यावर रस्ता मोकळा मिळाला आणि साडूने पाय दाबला.

गाडी उडाली. दुसरा शब्द नाही. आधी एक शीळ ऐकू आली, बारीक, चढत जाणारी, आणि मी सीटच्या पाठीला चिकटलो. साडूने गिअर बदलताना पाय सोडला की "फुस्स्" असा जोराचा आवाज व्हायचा. उघड्या फिल्टरमुळे टर्बोचा सगळा आवाज आता बाहेर येत होता. एक सायकलवाला आमच्या फुस्सने दचकून खाली उतरला आणि आपली दोन्ही चाकं दाबून बघू लागला. मामाजींनी डॅशबोर्डला घट्ट धरलं होतं. त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केलेल्या बसगाड्यांना सगळी दुनिया ओलांडून जायची. आज ते एकामागून एक ट्रक ओलांडत होते. "घे, घे," ते म्हणत होते, "त्याले बी घे!" कोहमाऱ्याच्या चौकात चहा पिताना त्यांनी ओलांडलेले ट्रक बोटांवर मोजले.

त्या आठवड्यात साडूने दवाखान्यात आलेल्या प्रत्येक पेशंटला पाइपाची गोष्ट सांगितली. त्यांची तोंडं उघडी असल्यामुळे कोणाला नाही म्हणता आलं नाही. "मेरे ससुरजीने बनवला," असं तो सांगायचा. मामाजींच्या कानावर हे दोन-तीन माणसांकडून आलं. ज्या दिवशी यायचं, त्या दिवशी ते दाढी करायचे. रविवारी साडू जेवायला येऊ लागला, आणि जेवणानंतर दोघे बॉनेट उघडून उगाच बघत उभे राहू लागले.

महिना झाला असेल. माझी बायको म्हणाली, जिन्याखाली काहीतरी वास मारतो. त्या दिवशी मामाजी जुन्या डब्याच्या क्लिपा काढून न्यायला आलेच होते. त्यांनी डबा ओसरीवर आणून उघडला आणि वाकलेलेच राहिले.

"मास्तर, इकडं ये."

डब्यात उंदराचं घरटं होतं. साधंसुधं नव्हे, दोन पिढ्या नांदल्या असतील असं. वाटीभर धान, कारण साडूची गाडी त्याच्या घरच्या धानाच्या गोदामाशेजारी उभी असायची. दवाखान्यातला कापूस. रबरी हातमोज्याची तीन बोटं. आणि जुना फिल्टर कुरतडून त्याच्याच चिंध्यांची गादी. हवा यायची वाट जवळपास बंद. गाडी खोकत होती ती गरम हवेने नाही. तिचं नाक बंद होतं. मूळ डबा नुसता झटकून परत लावला असता तरी ती तशीच उडाली असती.

मी तिथेच पायरीवर बसलो. माझं गणित, माझी पासष्ट आणि पंचेचाळीस.

"मी म्हनलं होतं उघडून पाहू," मामाजी म्हणाले.

"साडूला सांगायला पाहिजे," मी म्हटलं.

मामाजींनी डबा बंद केला. "कायले?"

"खरं ते सांगायला नको?"

"तुले काय, तू मास्तर हायस, तुले खरं सांगायचा पगार भेटते." मग डब्याकडे बघतच म्हणाले, "आता कोठी तो घरात येऊन बसून राहिला. सांगजो, पन आता नको."

मी उरलेला उन्हाळा आणि अख्खा पावसाळा गप्प काढला. साडू भेटला की मी विषय बदलायचो. बायकोला वाटलं माझं त्याच्याशी काही बिनसलं आहे.

नोव्हेंबरात देवरीकडे मामाजींच्या चुलत भावाच्या घरी लग्न होतं. बायका आदल्या दिवशी बसने गेल्या, आम्ही तिघे लाल गाडीने. धान कापणी होऊन मळणी सुरू होती. हमरस्ता सोडून गावाच्या रस्त्याला लागलो तर एका बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, थ्रेशर चालू, आणि त्याच्या तोंडातून उडणारा भुसा वाऱ्याने सरळ रस्त्यावर येत होता. साडूने काचा वर केल्या. फिल्टरला काचा नव्हत्या. तो खाली बंपरमागे बसून सगळं ओढत होता. अर्धा किलोमीटर गेलो नाही तोच शीळ थांबली. गाडीने विचार केला, खोकली, आणि एका आंब्याखाली उभी राहिली.

साडू स्टिअरिंग धरून बसून राहिला. डॉक्टर माणूस, लक्षणं विसरत नाही. "भैया," तो म्हणाला, "ही तर सेम तशीच चालली. पहिले चालायची तशीच. म्हणजे पहिले पण जाम होतं का काही?"

मी मागच्या सीटवर गुडघ्यांमध्ये तोंड लपवायचा प्रयत्न केला. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. पाच-सहा सेकंद मी टिकलो.

"उंदीर," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. कापूस, हातमोजे, धान.

"याच्या तोंडात तीळ भिजत नाई," मामाजी म्हणाले.

साडू दार उघडून उतरला. लग्नासाठी घातलेला नवा कोट सांभाळत बांधीत उतरला आणि दूर एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आमच्याकडे पाठ करून बसला. त्याला राग पाइपाचा नव्हता हे मला दिसत होतं. सहा महिने तो लोकांना अभिमानाने सांगत होता आणि आम्ही दोघे खरं माहीत असून बघत होतो, याचा होता. मी जायला निघालो तर मामाजींनी मला हाताने थांबवलं. ते रस्त्याच्या कडेला गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले.

"डॉक्टरसाहेब!"

साडू हलला नाही.

"ओ डॉक्टरसाहेब! चला, उशीर होऊन राहिला!"

नाहीच. मग त्यांचा वर्कशॉपमधला आवाज बाहेर आला.

"अबे ये! नाटकं कायले करून राहिला बे? ऊठ! फिल्टर काढू लाग मले, एकट्यानं निघत नाई तो!"

थ्रेशरवरच्या माणसांनीसुद्धा वळून पाहिलं. साडूने मान वळवली. तीन वर्षांत त्याला या घरात कोणी असं बोललं नव्हतं. तो उठला, कोटाचा भुसा झटकला आणि आला. आला तेव्हा चेहरा रागावलेलाच होता, पण बाह्या वर केलेल्या होत्या.

दोघांनी जमिनीवर उताणं होऊन फिल्टर काढला. मामाजींनी तो चपलेने बडवला. साडू म्हणाला, "बाबूजी, मला सांगायचं होतं ना."

"सांगनारच होतो. तू त रोज त्याच खुशीत. कोनत्या तोंडानं सांगू?"

"आणि ते हातमोजे कोणत्या साइजचे होते? माझे की नर्सचे?"

"जा बे," मामाजी म्हणाले, आणि दोघे हसायला लागले. मी आंब्याखाली उभा होतो, मला कोणी काही विचारलं नाही.

लग्नात आम्ही नखशिखांत भुशाने माखलेले पोचलो. मामाजींच्या चुलत भावाने विचारलं, बैलगाडीनं आले का?

नंतर साडूने जुना डबा परत लावायला साफ नकार दिला. शिळेची त्याला सवय झाली होती. मग मामाजींनी सुधारणा सुरू केल्या. भुसा जाऊ नये म्हणून फिल्टर बंपरमागून काढून वर बॉनेटखाली आणला. तिथे इंजिनाची धग लागते म्हणून त्याला चारी बाजूंनी पत्रा लावला. वरून धूळ पडते म्हणून झाकण केलं. झाकण उडू नये म्हणून क्लिपा लावल्या, त्या जुन्या डब्याच्याच. उंदीर जाऊ नये म्हणून तोंडाला जाळी. संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी मी बॉनेटखाली पाहिलं तर कारखान्यातून आला होता तसाच डबा तिथे बसलेला होता, फक्त पत्र्याचा आणि थोडा वाकडा. मी काही बोललो नाही. एकदा बोलून पाहिलं होतं.

दोन वर्षांनी साडूला जुळ्या मुली झाल्या आणि दोन दारांत चार माणसं मावेनात. गाडी गेली. चार दारांची, पांढरी, कोरी गाडी आली. ज्या दिवशी आली त्या दिवशी मामाजींनी तिचं बॉनेट उघडायला लावलं. हात मागे बांधून बराच वेळ आत पाहत राहिले. साडू शेजारी उभा होता, मेव्हणी एक मुलगी कडेवर घेऊन पायरीवर.

"काई करन्यासारखं नाई याच्यात," मामाजी शेवटी म्हणाले, फार नाराज होऊन, आणि बॉनेट आपटून चहा प्यायला आत गेले.